दोनदा वाचलेला आकडा

पावसाळ्याचे चार महिने मला रोज सकाळी साडेआठ ते नऊ या अर्ध्या तासात सात फोन यायचे. डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत मिळून आमच्या कार्यालयाची सात पर्जन्यमापक केंद्रं होती. आदल्या सकाळपासून किती मिलिमीटर पाऊस पडला तो आकडा प्रत्येक केंद्राचा निरीक्षक मला कळवायचा. मी तो तक्त्यात लिहून सव्वानऊच्या आत पालघरला पाठवायचो. कार्यालय दहाला उघडायचं, म्हणून हे काम मी नरपडला घरीच, ओटीवर बसून करायचो. सहा निरीक्षक आकडा एकदा सांगायचे. उधव्याच्या जयवंती धोडी दोनदा सांगायच्या.

“बारा पॉइंट चार. बारा पॉइंट चार.”

मध्ये एका श्वासाचं अंतर. दुसऱ्यांदा सांगताना आवाज चढत नसे की उतरत नसे. लाइन खराब असेल असं कोणालाही वाटलं असतं, पण लाइन स्वच्छ असली तरी त्या दोनदाच सांगायच्या. आतून माझी बायको विचारायची, “आली का तुमची दोनदावाली?” उधव्याचा फोन बहुतेक वेळा शेवटचा असे. तो आला की ती माझ्यासाठी चहाचं आधण ठेवायची.

हे दोनदा कुठून आलं ते सांगायचं तर आधी जयवंतीबाईंच्या झोपेबद्दल सांगायला हवं. खरं म्हणजे त्यांच्या जागं होण्याबद्दल.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते २०१४ साली. पालघर जिल्हा नवा झाला होता, आकड्यांची मागणी वाढली होती आणि मी सगळ्या केंद्रांची पाहणी करत फिरत होतो. उधव्याचं केंद्र म्हणजे सरकारी रोपवाटिकेच्या कोपऱ्यात तारेचं कुंपण घातलेली दहा बाय दहा फुटांची जागा. मध्ये सिमेंटच्या ओट्यावर पर्जन्यमापक. वर नरसाळं, आत बाटली. बाटलीतलं पाणी खुणा केलेल्या काचेच्या ग्लासात ओतायचं आणि खुणेवर वाचायचं, एवढंच काम. पण ते रोज सकाळी बरोबर साडेआठला. उरलेल्या दिवसात निरीक्षकाने रोपवाटिकेतल्या नोंदी ठेवायच्या.

मी पोचलो तेव्हा जयवंतीबाई करंजाच्या झाडाला टेकून बसल्या होत्या. वय तीस-बत्तीस. मांडीवर नोंदवही, हातात पेन, डोळे मिटलेले. वहीत ‘वांगी रोपे’ एवढं सुवाच्य अक्षरात होतं. त्यापुढे ‘दोनशे’ या शब्दातला शेवटचा ‘शे’ लांबत लांबत पानाच्या खालच्या टोकापर्यंत घसरला होता. मी हाक मारली. पुन्हा मारली. मग शेजारच्या दगडावर बसून राहिलो.

त्या जाग्या झाल्या, माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्यात आधी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मी शेरा लिहिला, ‘निरीक्षक कामाच्या वेळी झोपलेल्या आढळल्या.’ सही घ्यायला वही पुढे केली. त्यांनी तो शांतपणे वाचला.

“साहेब, तुम्ही किती वाजता आलात?”

“अकरा दहाला.”

“आणि मी उठले अकरा पंचवीसला. तेवढं लिहा. नुसतं ‘झोपलेल्या आढळल्या’ लिहिलं तर दिवसभर झोपले होते असं वाटतं.”

मी वेळ लिहिली. त्यांनी खाली सही केली. तोवर माझी एकवीस वर्षं नोकरी झाली होती. वाईट शेरा पुसा म्हणणारे मला पुष्कळ भेटले होते. वाईट शेरा अचूक करा म्हणणारं त्या दिवशी पहिल्यांदा कोणी भेटलं.

मग मी पावसाची वही उघडली आणि आणखी गार झालो. जून ते सप्टेंबर म्हणजे एकशे बावीस दिवस. माझ्या पाहणीपर्यंत त्यांतले शहाण्णव झाले होते. त्यांपैकी अकरा दिवसांपुढे आकडाच नव्हता. तिथे लिहिलं होतं, ‘नोंद नाही. झोप.’ बाकी सहा केंद्रांच्या वह्यांत एकही जागा रिकामी नव्हती. ती सगळी माणसं रोज वेळेवर उठत होती असं मानायला माझी हरकत नव्हती. फक्त त्यांचे इतके आकडे शून्यावर आणि पाचावर कसे संपतात, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडत आला होता.

“या अकरा दिवशी शून्य तरी लिहायचं,” मी म्हणालो. “संगणकात रिकामी जागा चालत नाही.”

“शून्य म्हणजे पाऊस पडला नाय,” त्या म्हणाल्या. “पडला की नाय ते मला ठाऊक नाय. मग शून्य कसं लिहू?”

पुढची पाच वर्षं उधव्याच्या रिकाम्या जागांपुढे मी छापील तक्त्यात हाताने आडवी रेघ मारत राहिलो आणि दर वर्षी त्याचा खुलासा देत राहिलो.

जयवंतीबाईंचं माहेर गंजाडचं. बारावीपर्यंत शिकलेल्या, आणि शाळेत पहिल्या बाकावर. हुशार म्हणून नव्हे. झोपल्या तर बाईंना लगेच दिसावं म्हणून. नवरा गुजरातच्या हद्दीत कारखान्यात जायचा, पहाटे साडेपाचला घर सोडायचा. घरी सासू. दिवसातून चार-पाच वेळा जयवंतीबाईंवर झोप येऊन आदळायची. बोलता बोलता, जेवता जेवता, एकदा बाजारात दुधी निवडता निवडता. रोपवाटिकेतली माणसं त्यांना लोडशेडिंगबाई म्हणत. एका मजुराने माझ्यादेखत विचारलं, “काय लोडशेडिंगबाई, आज लाइट किती वाजता जाणार?”

“लोडशेडिंगला टाइमटेबल तरी असतं रे,” त्या म्हणाल्या. “माझ्या कंपनीचा माणूस तेवढंही कळवत नाय.”

आणखी एक गोष्ट होती, ती समजायला मला वेळ लागला. कोणी विनोद सांगायला लागलं की त्या हात वर करून म्हणायच्या, “थांबा, बसू द्या. मग सांगा.” मला वाटायचं, ऐकायची हौस आहे. एकदा डहाणूला सगळ्या निरीक्षकांचं प्रशिक्षण होतं. पाहुण्या वक्त्यांनी सुरुवातीलाच एक किस्सा काढला. सगळे उभे होते, स्वागताचं चाललं होतं. जयवंतीबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. खुर्ची लांब होती. त्या सरळ फरशीवर बसल्या. किस्सा संपला, सभागृह हसलं, त्यांची मान छातीवर पडली आणि हात मांडीवरून घसरले. शुद्ध पूर्ण होती. पंधरा-वीस सेकंदांत सावरल्या. जोरात हसू आलं की त्यांचे गुडघे विरघळायचे. पडून एकदा हनुवटी फुटली होती, तेव्हापासून त्या हसण्याआधी बसायच्या. हसणं सोडलं नव्हतं, हे मात्र मुद्दाम लिहितो.

पण या सगळ्यापेक्षा अवघड होती ती सकाळ. त्या सहाला जाग्या व्हायच्या, पण उठायच्या नाहीत. डोळे उघडे, कान उघडे, चुलीचा धूर नाकाला लागतोय, सासू अंगण झाडतेय ते ऐकू येतंय, आणि बोटसुद्धा हलत नाही. त्यातच स्वप्न अर्धं शिल्लक. खोलीत नसलेली माणसं खोलीत उभी. लग्नानंतर सासूने हे पाहिलं तेव्हा ती घाबरली आणि भगताकडे घेऊन गेली. “धागा बांधला, कोंबडं गेलं, झोप राहिली,” असं जयवंतीबाई त्याचं वर्णन करायच्या. सरकारी दवाखान्यात अशक्तपणा म्हणून रक्तवाढीच्या गोळ्या मिळाल्या. नातेवाइकांनी एकाच शब्दात निदान केलं होतं. आळशी.

त्यांचा स्वतःचा शब्द वेगळा होता. फाटक.

लहानपणी वडील त्यांना भाजीच्या टोपलीबरोबर गंजाडहून डहाणूला आणायचे. रेल्वेचं फाटक पडलेलं असायचं. पलीकडचा बाजार दिसतोय, माणसं दिसतायत, आवाज येतायत, पण जाता येत नाही. ओरडून उपयोग नाही, ढकलून उपयोग नाही. वडील म्हणायचे, डबे मोज. मालगाडीचे डबे मोजेपर्यंत फाटक आपोआप वर जायचं. सकाळी अंग हलेना की जयवंतीबाई तेच करायच्या. आत कुठेतरी एक मालगाडी सोडायच्या आणि डबे मोजायच्या. अंगाशी झगडलं की भीती वाढायची, खोलीतली नसलेली माणसं जवळ यायची. मोजत राहिलं की फाटक उघडायचं. कधी बावीस डब्यांत, कधी साठ.

सासूलाही, जिला जयवंतीबाई आयस म्हणायच्या, हळूहळू हे पटलं. ती पायाशी बसून तळव्यावर हात दाबून धरायची आणि हालचाल झाली की विचारायची, “किती डबे, बाय?”

आता २०१६ ची ती सकाळ. आठवडाभर पाऊस लागून होता. आठ पस्तीसला जयवंतीबाईंचा फोन आला. “एकशे अठरा पॉइंट दोन.” तेव्हा त्या एकदाच सांगायच्या. पासष्टच्या वर म्हणजे अतिवृष्टी. हा तर एकशे अठरा. मी ताबडतोब पालघरला आणि तहसीलला कळवलं. उधव्याच्या शाळेला सुट्टी दिली गेली. ओढ्याकाठच्या पाड्यावर गाडी गेली, माणसं शेळ्या-कोंबड्यांसकट शाळेत आणून बसवली.

अकरा दहाला पुन्हा फोन. “राऊतभाऊ, सकाळचा आकडा खोडा. मी उठलेच नव्हते.”

मला अर्थ लागेना. त्या सांगत गेल्या. त्यांनी स्वप्नात पाऊस मोजला होता. कुंपणाचं कुलूप काढलं, बाटली उचलली, वीस मिलिमीटरचा ग्लास पाच वेळा पूर्ण भरून ओतला, सहाव्यांदा अठरा पॉइंट दोनपर्यंत. हात ओले झालेले आठवत होते. मग फोन लावला, आणि फोन तेवढा खरा लागला, कारण तो उशाशी होता. पुन्हा झोप. अकराच्या सुमारास उठून केंद्रावर गेल्या तर ग्लास फळीवर आदल्या दिवशी ठेवला तसाच पालथा, कोरडा. बाटलीत पाणी तसंच.

“आता मोजलं. एकवीस पॉइंट आठ. साडेआठनंतर थेंब नाय, आयसने सांगितलं. पण मोजलं अकरा पाचला, ती वेळ लिहा.”

मी म्हणालो, “असं करू. फोनवर मी ऐकण्यात चूक केली, असं लिहितो. एकवीसचं एकशे अठरा नाही होत, पण आवाज तुटत होता म्हणू. विषय संपेल.”



“तुमच्या कानाला का दोष देता? कान चांगला आहे तुमचा.”

“अहो, तुमचं काम जाईल.”

“जाईल. पण हे एकच काम असं आहे, भाऊ, की मी जागी होते हे रोज कागदावर राहतं. त्यात खोटं घातलं तर मग माझ्याकडे काय राहिलं?”

मी खोडलं आणि त्यांनी सांगितलं तेच लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांचं हाताने लिहिलेलं पत्र आलं. साडेपाच ओळी. त्यांतली एक मला पाठ आहे: ‘सदर आकडा मी स्वप्नात वाचला असून तो खरा समजून कळविला.’ आमच्या कार्यालयाच्या आवक नोंदवहीत असं दुसरं पत्र नाही.

गावाने सोडलं नाही. ओढ्याकाठची एक म्हातारी त्यांना रस्त्यात थांबवून म्हणाली, “स्वप्न तुला पडला आणि भिजल्या माझ्या कोंबड्या.” जयवंतीबाईंनी तिची माफी मागितली. मग म्हणाल्या, “मावशी, पुढच्या वेळी स्वप्नात उन्हाळा आणते.” म्हातारी हसली. जयवंतीबाई रस्त्याच्या कडेला दगडावर बसल्या आणि मग हसल्या.

आमच्या कार्यालयाच्या प्रमुख एक मॅडम होत्या. शिस्तीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी जयवंतीबाईंना वैद्यकीय प्रमाणपत्र आणायला सांगितलं, नाहीतर केंद्र दुसऱ्याकडे देणार. नवऱ्याने रजा काढली आणि दोघं मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात गेली. तिथे झोपेची तपासणी असते हे मला तेव्हाच कळलं. दिवसभरात दोन-दोन तासांनी पाच वेळा झोपायला सांगतात आणि किती मिनिटांत झोप लागते ते यंत्रावर बघतात.

परत आल्यावर जयवंतीबाई मला म्हणाल्या, “आयुष्यात पहिली परीक्षा जिच्यात झोपायचं होतं. पाच पेपर. पाचही पास. एकात तर तीन मिनिटांत.”

आजाराचं नाव नार्कोलेप्सी. मेंदूतली झोपेची आणि जागेपणाची कळ नीट लागत नाही. रात्री झोप तुटत राहते, दिवसा ती घुसते, हसताना गुडघे जातात, सकाळी शरीर मनाच्या मागून जागं होतं. बरा होत नाही, सांभाळता येतो. त्यांना सकाळची एक गोळी मिळाली आणि दिवसातून दोनदा पंधरा मिनिटं ठरवून झोपायचा सल्ला मिळाला. प्रमाणपत्र त्यांनी मॅडमच्या टेबलावर ठेवलं. मी तिथेच होतो. त्या म्हणाल्या, “नाव मिळालं, मॅडम. बत्तीस वर्षं मी आळशी होते.”

मॅडमनी प्रमाणपत्र वाचलं आणि अट घातली. “पुढचा एक हंगाम बघू. झोपेमुळे नोंद राहिली तर कोरी सोडा, मी विचारणार नाही. पण आणखी एक आकडा स्वप्नातला आला, तर केंद्र बदलेन. लोकांना गाडीत घालून हलवतात तुमच्या आकड्यावर.”

“बरोबर आहे,” जयवंतीबाई म्हणाल्या.

२०१७ च्या मे महिन्यात त्यांनी तयारी केली, आणि ती कोणत्याही डॉक्टरने सांगितलेली नव्हती. उशाशी एक काड्यापेटी ठेवली, तिच्यावर कोळशाने आकडा लिहिला. सकाळी डोळे उघडले की तो वाचायचा, नजर दुसरीकडे न्यायची आणि पुन्हा वाचायचा. तीन आठवडे केलं. “स्वप्नात आकडा दुसऱ्यांदा तसाच राहत नाय, भाऊ. पहिल्यांदा चौदा. परत बघितलं तर एकेचाळीस, नायतर अक्षरंच. एकदा तर मुंगळे झाले. खरा आकडा मात्र तसाच असतो. तो आपली वाट बघतो.”

आणि फोन उशाशी ठेवणं बंद झालं. फोन सासूच्या पदराच्या गाठीत. तिला वाचता येत नव्हतं, पण नियम पक्का होता: ओला ग्लास दाखव, फोन घे.

“मग दोनदा वाचायचं कशाला?” मी विचारलं.

“आयस पण येते ना स्वप्नात,” त्या म्हणाल्या. “ओला ग्लास बघून फोन देते.”

ऑगस्टमध्ये मॅडम म्हणाल्या, “राऊत, न सांगता जाऊ.” डहाणूहून पहाटेच निघालो, सातला उधव्याला पोचलो. घर रोपवाटिकेच्या कुंपणाला लागून. सासू दारात आली, आमच्याकडे पाहिलं, मॅडमना आत घेतलं आणि मला ओटीवर बसवलं. त्यामुळे पुढचं मी फक्त ऐकलं. घड्याळ माझ्या हातात होतं.

सहाचा गजर होऊन गेला होता. तेव्हा सासूने गोळी आणि पाणी दिलं होतं, आणि गोळी चढेपर्यंत सून पुन्हा झोपली होती. सात बाराला दुसरा गजर झाला. तो थांबला. मग आवाज नाही.

मॅडम म्हणाल्या, “डोळे उघडे आहेत यांचे. जयवंतीबाई, ऐकू येतंय ना?”

“येतंय तिला,” सासू म्हणाली. “सगळं ऐकते. बोलू नका. फाटक पडलंय.”

“म्हणजे?”

“डबे मोजतेय.”

कुठेतरी कोंबडा आरवला, पागोळ्या गळत होत्या, कारखान्याची बस हॉर्न देत गेली. मी काटा बघत होतो. मला कधी नव्हे ती भीती वाटली की आज, नेमकं आज, फाटक उघडणारच नाही. नऊ मिनिटं. नऊ मिनिटं हा आकडा लिहायला लहान आहे. उघड्या डोळ्यांनी, समोर वरिष्ठ अधिकारी उभा असताना, करंगळीसुद्धा हलवता न येता काढायची ती नऊ मिनिटं होती. आणि ती बाई हे रोज काढत होती.

सात एकवीसला आतून आवाज आला. “सत्तावन्न.”

“आज लांब होती गाडी,” सासू म्हणाली.

मग जयवंतीबाई म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही खऱ्या का?”

“खरी आहे.”

“परत एकदा सांगा.”

“खरी आहे,” मॅडम म्हणाल्या, त्याच आवाजात.

साडेआठला आम्ही चौघं कुंपणाशी उभे होतो. जयवंतीबाईंनी कुलूप काढलं, बाटली उचलली, ग्लास एकदा भरून ओतला आणि वहीत एक उभी रेघ मारली. उरलेलं पाणी ग्लासात घेतलं, ग्लास ओट्यावर सपाट ठेवला, खाली बसून डोळा पाण्याच्या पातळीला आणला. ओठ हलले. मग उठून पाठ फिरवली, पूर्वेच्या डोंगराकडे पाहिलं, पुन्हा बसल्या, पुन्हा वाचलं. मॅडमनी स्वतः वाकून वाचलं आणि काही न बोलता माझ्या वहीत लिहिलं. सासूने ओला ग्लास बघितला आणि गाठ सोडली.

“छत्तीस पॉइंट सहा. छत्तीस पॉइंट सहा.”

मॅडमचा आकडा तोच होता.

परतताना जीप तलासरीला आली. मॅडम म्हणाल्या, “मी रोज सहाचा गजर बंद करून परत झोपते, राऊत. मला कोणी आळशी म्हणत नाही.” त्या दिवशी मी घरी आलो, तेव्हा माझी मुलगी दुपारची लवंडली होती. एरवी मी जे म्हटलं असतं ते म्हटलं नाही. तो शब्द आमच्या घरात तेव्हापासून वापरात नाही.

त्या हंगामात एकशे बावीसपैकी एकशे एकोणीस नोंदी झाल्या, तीन जागा कोऱ्या राहिल्या आणि चुकीचा आकडा एकही नाही. मॅडमनी तक्त्याखाली सही केली. केंद्र जयवंतीबाईंकडेच राहिलं.

२०१९ मध्ये उधव्याला स्वयंचलित यंत्र आलं. उंच खांब, वर सौर पट्टी, आकडा दर पंधरा मिनिटांनी आपला आपण जाणार. पुढच्या वर्षापासून हाताची नोंद बंद होणार होती, पण तो एक हंगाम दोन्ही ठेवून ताळा पाहायचा होता. ताळ्याचं काम माझ्याकडे. चौदा दिवस असे निघाले की जयवंतीबाईंच्या वहीत पाऊस आहे आणि यंत्रात शून्य. एकदा तर चव्वेचाळीस मिलिमीटर पावसाला शून्य. यंत्र उघडलं तेव्हा आत पानं अडकली होती आणि मुंग्यांनी घर केलं होतं. यंत्राने जागा कोरी सोडली नव्हती, शून्य लिहिलं होतं.

मी हे फोनवर सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “त्याला पण झोप लागते, भाऊ. फक्त ते लिहीत नाय.”

त्यांच्या स्वतःच्या वहीत त्या हंगामात दोन जागा कोऱ्या होत्या. ‘नोंद नाही. झोप.’ हंगाम संपत आला तेव्हा ताळ्याच्या अहवालावर मॅडमनी शाईने शेरा लिहिला: ‘जेथे फरक आहे तेथे निरीक्षक श्रीमती धोडी यांची नोंद ग्राह्य धरावी.’ त्याची प्रत मी उधव्याला नेऊन दिली. ती त्यांनी वाचली, डोंगराकडे पाहिलं आणि पुन्हा वाचली. मग घडी घालून पावसाच्या वहीत ठेवली.

मी गेलो होतो ती हंगामाची शेवटची सकाळ होती. नवऱ्याने कारखान्याजवळ खोली घेतली होती आणि महिनाभरात सगळी तिकडे जाणार होती. त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही. आदल्या दिवसापासून आभाळ कोरडं होतं. तरी साडेआठला त्यांनी कुलूप काढलं, बाटली उचलली, ग्लासात उपडी केली. काही पडलं नाही. खाली बसून ग्लास वाचला. उठल्या, पाठ फिरवली, परत बसून वाचला.

“शून्य दोनदा कशाला वाचायचं?” मी म्हणालो. “बाटली कोरडी दिसतेय.”

“शून्यालाच जास्त बघायचं, भाऊ. न बघता लिहायला ते सगळ्यात सोपं.”

सासू फोन देईना. ग्लास ओला नव्हता. कोरड्या दिवशी नेहमी व्हायची तशी दोघींची थोडी हुज्जत झाली. शेवटी जयवंतीबाईंनी बादलीत बोट बुडवून ग्लासाला लावलं, तेव्हा पदराची गाठ सुटली. मी सहा फुटांवर, हातात वही घेऊन उभा होतो. म्हटलं, “आता सांगा, लिहितो.” त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. आधी त्या सिमेंटच्या ओट्यावर नीट बसल्या, पाय पसरले, पाठ पर्जन्यमापकाला टेकवली. मग नंबर दाबला.

माझ्या खिशातला फोन वाजला. मी उचलला.

“राऊतभाऊ, उधवा,” त्या म्हणाल्या. “शून्य पॉइंट शून्य. शून्य पॉइंट शून्य.”

आणि हसायला लागल्या.